तालमीपुरता बाप

देवव्रत लिमये सीताफळ सोलत होता आणि आमची कस्तुरी त्याच्या मांडीवर बसली होती. तो एकेक पाकळी चमच्याने उचलायचा, बी बाजूला काढायचा आणि नुसता गर तिच्या तोंडात घालायचा. जेवणाची सुट्टी होती. कॅमेऱ्यावर कापड टाकलेलं होतं, लाईटवाले सेटच्या मागं विड्या ओढायला गेले होते. म्हणजे नाटक करायचं काही कारण नव्हतं.

"बाबा, ह्यात अजून एक बी आहे," कस्तुरी म्हणाली.

"कुठंय? अरे हो. लबाड बी."

मी दहा फुटांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दुपारच्या सीनचे कागद दुरुस्त करत होतो. म्हणजे तसं दाखवत होतो. एकच ओळ मी चार वेळा खोडली आणि चार वेळा तीच लिहिली.

कामतने, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाने, पहिल्या दिवशीच एक नियम घालून दिला होता. लहान पोराने सेटवर पाऊल ठेवल्यापासून पॅकअपपर्यंत प्रत्येकाला मालिकेतल्या नात्यानेच हाक मारायची. जेवताना, खेळताना, मुतायला जातानासुद्धा. नाहीतर पोरं ऐन सीनमध्ये बाबाला 'दादा' म्हणतात आणि टेक फुकट जातो. नियम बरोबर होता. मीच त्याला मान डोलावली होती. तेव्हा त्या भूमिकेत दुसऱ्याची पोरगी होती.

मालिकेचं नाव 'आयतं बिऱ्हाड'. लिहिणारा मी, मारुती पोवार. नववी नापास, इचलकरंजीत अकरा वर्षं यंत्रमागावर. मागाच्या खडखडाटात माणूस लांबलचक बोलत नाही, मोजके शब्द ओरडून टाकतो. तेवढीच माझी लेखनाची शाळा. मुंबईत आल्यावर मला पुष्कळांनी शुद्धलेखन शिकवायचा प्रयत्न केला. त्यातले निम्मे आता काम मागायला फोन करतात, असं लिहायला मला मजा येते, पण ते खरं नाही.

मालिकेत गजानन नावाचा एक एस.टी.चा कंडक्टर होता, तो लिमये करायचा. शेवटच्या थांब्यावर रिकाम्या गाडीत त्याला पाच वर्षांची पोरगी सापडते. पोलिसांचे कागद होईपर्यंत म्हणून तो तिला घरी आणतो आणि ती राहतेच. घरात त्याची माजी सासू. लेक घटस्फोट घेऊन गेली तरी ही जावयाचं घर सोडायला तयार नाही. आणि वरच्या खोलीत एक म्हातारा पैलवान भाडेकरू. रक्ताचं एक नातं नसलेली चार माणसं एका चुलीवर जेवतात आणि त्यातून रोज गोंधळ होतो. लोक पोट धरून हसायचे. वाहिनीच्या ऑफिसातली एक बाई मला म्हणाली, पोवार, तुम्हाला असलं विचित्र सुचतं कुठून? मी काय सांगणार? मी घरी जात होतो आणि बघत होतो.

माझी बायको शकू त्याच मालिकेच्या कपडेपटात होती. तिचा पहिला नवरा सुरतेला कामाला जातो म्हणून सकाळच्या गाडीने गेला, तो गेलाच. तिथं त्यानं दुसरं घर केलं. कस्तुरी तेव्हा तीन वर्षांची होती. शकूशी मी रजिस्टर लग्न केलं तेव्हा चारची. तिथल्या कारकुनाने माझं वय विचारलं, पत्ता विचारला, साक्षीदार विचारले. बाप व्हायला तयार आहात का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, की साहेब, तो विषय मी अजून धरलेला नाही.

पोरीनेही तो विषय धरलेला नव्हता. ती मला हाकच मारायची नाही. काका नाही, मामा नाही, अहो-जाहोसुद्धा नाही. माझ्यापुढं येऊन उभी राहायची आणि एकदम बोलायला लागायची. मी पाठमोरा असलो तर वळेपर्यंत थांबायची. शकू म्हणायची, "राहू द्या, सवय व्हईल." दीड वर्षं मी राहू दिलं.

मग मालिकेतल्या पोरीला कांजिण्या झाल्या. तीन दिवसांवर एपिसोड जायचा होता. कस्तुरी आईबरोबर सेटवर असायची आणि मी घरात संवाद मोठ्याने वाचून लिहायचो, त्यामुळं त्या पोरीच्या ओळी हिला तोंडपाठ होत्या. कामतने तिला फ्रॉक घालून उभी केली. तिने एका दमात अख्खा सीन म्हटला. पहिली पोरगी परत आलीच नाही.

कस्तुरीला वाचता येत नव्हतं. म्हणून तालीम माझ्याकडे. रोज संध्याकाळी सहा वाजता, दिवे लागायच्या आधी, ती सतरंजीवर मांडी घालून बसायची आणि मी समोर. मी तिची ओळ सांगायचो, ती म्हणायची. मग मी गजाननची ओळ म्हणायचो, तिने उत्तर द्यायचं. पहिल्याच संध्याकाळी सीनमध्ये होतं, 'बाबा, तुम्ही तिकीट न काढता घरी कसे आलात?' तिने माझ्या डोळ्यांत बघून ते विचारलं. मी गजाननची पुढची ओळ विसरलो. मी स्वतः लिहिलेली.

त्या दिवसापासून मी तिच्या प्रत्येक ओळीत तो शब्द घालायला लागलो. 'बाबा, पाणी द्या बाबा.' 'बाबा, आजी बघा ना बाबा.' कामत वैतागला. म्हणाला, "पोवार, ही पोरगी आहे का स्टेशनवरची घोषणा? दर वाक्याला बाबा, बाबा." सेटवर तो पेन घेऊन खोडायचा. एका सीनमधल्या अकरा 'बाबां'तले आठ खोडायचा. मी वाद घालायचो नाही. शूटिंगला तीन राहिले तरी आदल्या संध्याकाळी सतरंजीवर अकराच्या अकरा झालेले असायचे.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शकूलासुद्धा नाही. ती आतून भाकरी थापताना ऐकायची, काय ते तिला कळत असेल.

पण मी अकरा कमावायचो ते सहा ते सातमध्ये, आणि लिमये दिवसभर फुकटात मिळवायचा.

बरं, माणूस वाईट असता तर गोष्ट सोपी होती. तो वाईट नव्हता. पुण्याचा, नाटकातून आलेला, स्वच्छ बोलणारा. मला 'पोवारसर' म्हणायचा आणि त्यात टिंगल नसायची. मी खूप शोधली. स्पॉटबॉयला नावाने हाक मारायचा. कस्तुरीला सीन संपला की खांद्यावर घेऊन सेटभर फिरवायचा. त्याच्या अंगाला कसला तरी लिंबासारखा वास यायचा आणि संध्याकाळी तो कस्तुरीच्या केसांना यायचा. मी शकूला म्हणालो, पोरीला रोज डोक्यावरून आंघोळ घालत जा. ती म्हणाली, "का वो? रोज रोज सर्दी व्हईल की." मी म्हणालो, धूळ असते.

मी लेखक होतो. माझ्या हातात जे होतं ते मी केलं. गजाननला शेणात पाडला. गजाननला एरंडेल पाजलं. गजाननच्या डोक्यावर म्हाताऱ्या पैलवानाकडून कणकेचं पातेलं पालथं घातलं, आणि कॅमेऱ्याचा कोन चुकला म्हणून कामतने ते पाच वेळा करायला लावलं. लिमये पाचही वेळा हसत उठला. आणि ते माझ्यावरच असं उलटलं, की लोकांना तो जास्तच आवडायला लागला. पत्रं यायला लागली. एका बाईने साताऱ्याहून लिहिलं होतं, की माझ्या मुलांना असा बाप मिळायला हवा होता. कामतने ते पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. कस्तुरी टाळ्या वाजवत होती.

नोव्हेंबरमध्ये तिला ताप आला. दुपारची वेळ, शकू कामावर, मी घरी. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतो. दोन तास मी पाणी बदलत होतो आणि ती डोळे मिटून पडली होती. मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबाला बोलवा ना."

एक क्षणभर, लाज वाटते सांगायला, मी म्हणालो, "हा काय मी."

तिने मान हलवली. "शूटिंगचा बाबा."

मी फोन केला. स्वतः केला, कारण ताप एकशे तीन होता आणि मी एवढाही नीच नव्हतो. लिमये तासाभरात आला. कंडक्टरची चामड्याची पिशवी गळ्यात घालून आला, घंटी वाजवत. तिच्या उशाला बसून त्याने तापाला तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या थांब्यावर उतरायला सांगितलं. पोरगी हसली, मग दूध प्यायली, जे ती माझ्याकडून घेत नव्हती. दारात सगळी चाळ जमली होती. शेजारच्या घोरपडेवहिनी तोंडाला पदर लावून दुसरीला म्हणाल्या, "खरा बाप आला बघ पोरीचा." त्यांनी ते गमतीनं म्हटलं. हातात पाण्याचं पातेलं घेऊन मी त्यांच्या मागंच उभा होतो.

त्या संध्याकाळी मी गजाननला संपवायला बसलो.

मारणं शक्य नव्हतं, विनोदी मालिका होती. म्हणून मी पोरीचा खरा बाप आणला. दुबईहून. गोरापान, मोटारवाला. तो पोरीला न्यायला येतो, आणि पोरगी मोटार बघून, खेळणी बघून हरखते आणि गजाननच्या तोंडावर सांगते, 'तुम्ही माझे बाबा नाही. तुम्ही माझे कुणी नाही. मला इथं राहायचं नाही.' मग गजानन एकटा एस.टी.त बसतो आणि महिनाभर मालिकेतून गायब. पुढं परत आणायचा की नाही ते माझ्या हातात. कामतला मी सांगितलं, की लोक खूप हसलेत, आता एकदा रडवू. तो म्हणाला, पोवार, तू सैतान आहेस. वाहिनी खूष झाली. लिमयेला महिनाभर सुट्टी सांगितली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की सीन कस्तुरीला जड तर जाणार नाही ना. मी म्हणालो, माझी पोरगी आहे, मी बघतो.

शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी सतरंजीवर बसलो. कस्तुरीचा ताप जाऊन चार दिवस झाले होते. सीनचा पहिला भाग तिने नीट म्हटला. मोटारीचं कौतुक, बाहुलीचं कौतुक. मग ती ओळ आली.

मी म्हणालो, "तुम्ही माझे बाबा नाही."

ती गप्प.

मला वाटलं विसरली. पुन्हा सांगितली. ती सतरंजीचा दोरा ओढत बसली. मी आधीपासून सुरू केलं. मोटार झाली, बाहुली झाली, त्या ओळीशी येऊन ती पुन्हा थांबली. असं चारदा झालं.

"पाठ नाही का होत?"

"झालीय."

"मग म्हण."

"तिकडे म्हणते."

"इथं म्हटल्याशिवाय तिकडे कशी येणार?"

"येईल. मी तिकडे म्हणते ना."

आता हे समजायला काय अक्कल लागते, असं मला वाटलं. तिला ती ओळ म्हणवत नव्हती, कारण ती त्याला लागणार होती. तालमीतसुद्धा त्याचं वाईट तिच्या तोंडातून निघत नव्हतं. मी समोर बसलेला नव्हतोच, माझ्या जागी तोच बसलेला होता. सहा महिने मी तिच्या तोंडून शब्द काढत होतो आणि ते सगळे माझ्यावरून त्याच्याकडे चालले होते, मागावरच्या धोट्यासारखे, या टोकाकडून त्या टोकाकडे.

"एवढा लाडका आहे का तो?" मी म्हणालो.

तिला कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे.

"आईकडे काय बघतेस? इकडे बघ. म्हण."

"नाही."

मी तिचा दंड धरला. जोरात धरला असणार, कारण दुसऱ्या दिवशी शकूने तिला लांब बाह्यांचा फ्रॉक घातला. मी म्हणालो, की ही ओळ म्हटल्याशिवाय इथून उठायचं नाही, जेवायचं नाही, झोपायचं नाही. शकू पिठाच्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, अहो, लहान आहे, सोडा. मी तिला म्हणालो, तू मध्ये पडू नकोस, हे माझं काम आहे. अशा आवाजात मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. ती दारातच थांबली.

कस्तुरी रडत नव्हती. रडली असती तर मी सोडलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलोय. तिच्या चड्डीखालची सतरंजी ओली झाली. तरी मी दंड सोडला नाही.

"म्हण."

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. पहिल्या संध्याकाळी बघितलं होतं तसं नाही.

"तुम्ही माझे बाबा नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझे कुणी नाही. मला इथं राहायचं नाही."

एक शब्द चुकला नाही. मी म्हणालो, शाब्बास. आणि दंड सोडला.

शकूने तिला उचलून मोरीत नेलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मला वाटलं, जिंकलो. उद्या ही ओळ त्याच्या तोंडावर पडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सीन लागला. मी मॉनिटरच्या मागं उभा राहिलो, कामतच्या खुर्चीला धरून. मला लिमयेचं तोंड बघायचं होतं. कस्तुरी लांब बाह्यांच्या फ्रॉकमध्ये, हातात नवी बाहुली. मोटार झाली, बाहुली झाली, आणि न थांबता, न अडखळता तिने ती ओळ म्हटली. अशी म्हटली की मेकअपदादाने डोळे पुसले. पहिल्या टेकला ओके. कामत म्हणाला, पुढचा सीन. आणि कस्तुरी बाहुली फेकून पळत गेली ती लिमयेच्या पायाला मिठी मारायला, खिदळत. त्याने तिला उचलली, भिंगरीसारखी फिरवली. दोघांनाही काही लागलं नव्हतं. काही म्हणजे काही नाही.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळाने लिमये चहाचे दोन कप घेऊन आला आणि शेजारी बसला. गणवेशाची वरची बटणं उघडी. म्हणाला, "सर, काय लिहिलंय तुम्ही."

मी चहा घेतला.

"मला काळजी होती तिची. म्हणून सकाळी मेकअपला बसलो तेव्हाच विचारलं, की कस्तू, तुला हे बोलायला कसंसंच होतंय का? तर म्हणाली, नाही, तुम्हाला म्हणायला काही नाही." तो हसला. "म्हटलं, का गं? मी काय दगड आहे? तर म्हणते, तुम्ही काय, पॅकअप झालं की रोज जाताच. परत येता. पण घरी म्हटलं आणि ते गेले तर?"

मी कप खाली ठेवला.

"आधी मला कळेना, ते म्हणजे कोण. मग लक्षात आलं, तुम्ही. तालीम तुमच्यासमोर करते ना." तो कौतुकानं मान हलवत होता. "म्हणत होती, मी त्यांना सांगितलं होतं, तिकडे म्हणते म्हणून. काय डोकं चालतं हो लहान पोरांचं. एक जण असंच गेलंय ना तिचं, शकूताई मागे बोलल्या होत्या."

आतून कुणीतरी लाईट सरकवत होतं, चाकांचा आवाज येत होता. लिमयेने चहा संपवला.

"मग?" तो म्हणाला. "काल शेवटी घरी म्हणाली का?"

"म्हणाली."

"असं? मग कशी काय तयार झाली?"

मला कामतने आत बोलावलं होतं, पुढच्या सीनला एक ओळ कमी पडत होती. मी उठून गेलो. ओळ दिली. लोक तिला हसले.

संध्याकाळी सहा वाजता मी सतरंजी घातली. धुऊन वाळत घातलेली होती, कडेला अजून ओलसर होती. उद्याचे कागद घेऊन बसलो आणि कस्तुरीला हाक मारली. ती आली. उद्याचा सीन दुबईच्या बापाबरोबरचा होता. तिने माझ्या हातातला कागद घेतला, नीट दोन्ही हातांनी, शाळेत बाईंकडून घेतात तसा, आणि आत घेऊन गेली.

शकू चौथी शिकलेली. तिने पीठ मळलेले हात धुतले आणि चुलीपाशी बसून एकेक अक्षर लावत वाचायला लागली. "बा... बा. बाबा. तु... म्ही मला..." तिला दम लागायचा, ती परत पहिल्यापासून यायची. कस्तुरी धीरानं थांबायची आणि आईकडे बघून प्रत्येक ओळ म्हणायची.

मी बाहेर सतरंजीवर बसून होतो. सीन दीड पानाचा होता. त्यांना दोन तास लागले.